दगड गेल्यानंतरचा डोंगर

डोंगर बघायला लोक पावसाळ्यात जातात. मी कार्तिकात निघालो, आणि तेही मुद्दाम. भाद्रपदात आमच्या कोरडवाहू मुलखात उकिरडासुद्धा हिरवागार दिसतो. सोडून दिलेली दगडखाण तर विचारूच नका. फोटो काढावा, खाली ‘निसर्ग परत आला’ असं लिहावं आणि घरी यावं. पाऊस उघडून गवत पिवळं पडल्यावर जे उभं असतं तेवढंच धरायचं, असा माझा हिशोब होता. बघायची होती नगरच्या पूर्वेला, गर्भगिरीच्या एका फाट्यावरची बंद पडलेली दगडखाण. गावाचं नाव लिहीत नाही, त्याला कारण आहे. ते पुढे येईल. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण बोलताना तोंडात नगरच येतं, तसंच लिहितो.

पुण्याहून सरळ नगर रस्त्याने गेलो असतो तर दुपारीच पोचलो असतो. पण शिरूरला गाडी डावीकडे वळवली आणि निघोज गाठलं. कुकडीचं पाणी उतरलं होतं, रांजणखळगे उघडे पडले होते. काळ्या पाषाणाच्या पात्रात माणूस उभा बुडेल एवढे गोल खड्डे, एकमेकांत शिरलेले, आतून हात फिरवावा इतके गुळगुळीत. कसे झाले ते कुणीही सांगतं: पात्रातल्या बारक्या खळग्यात एखादा गोटा अडकतो, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतो, खळगा खोल करतो आणि स्वतःही झिजून संपतो, मग पुढच्या पुरात दुसरा गोटा. म्हणजे नदीनेही इथे खाणच चालवली आहे. इथून घासलेला दगड चूर होऊन घोड नदीत गेला, तिथून भीमेत, आणि कुठल्या तरी शेताची माती झाला. वरची धरणं झाल्यापासून नदीचं हे काम मंदावलं असणार. पण काम चालू असतानाही खळग्यांचे कोपरे रिकामे नव्हते. साचलेल्या पाण्यावर चतुर घिरट्या घालत होते, भेगेत लव्हाळा रुजला होता, तळाशी बोटभर मासोळ्या होत्या. कोरणाऱ्याला घाई नसली की राहणाऱ्यांना जागा करून घ्यायला वेळ मिळतो.

पारनेरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची लागण चालली होती, ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. टाकळी ढोकेश्वरला टेकडीवरचं लेणं उभ्याउभ्याच पाहिलं. सहाव्या शतकाच्या आसपासचं हे शिवाचं लेणं. दारावरचे द्वारपाल आणि आतल्या सप्तमातृका अजून ओळखू येतात. अभ्यासक शिल्पांकडे बघतात. मी मात्र बाहेर टाकलेल्या दगडाचा विचार करत होतो. एवढा दगड छिन्नीने काढला, तो गेला कुठे? त्या काळातही तो टेकडीखाली ढीग घालून पडला असेल. आज ढीग दिसत नाही. छताला वटवाघळं मात्र आहेत आणि त्यांच्या विष्ठेचा वास गाभाऱ्यातल्या धुपावर मात करतो.

कल्याण रस्त्याला लागलो आणि खडीच्या हायवा ट्रकांमागे अडकत अडकत हिवरे बाजारला आलो. या गावावर इतकं लिहिलं गेलं आहे की नवं काही सांगण्यासारखं मजजवळ नाही. 1972 च्या दुष्काळानंतर उजाड झालेलं गाव, 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, डोंगरभर समतल चर, शेतीसाठी बोअरवेल बंद, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. राळेगणसिद्धीत अण्णा हजाऱ्यांचं काम त्याही आधी, 1975 पासून. पुढे 1993 मध्ये पाणलोटाचं काम करणारी ‘वॉटर’ ही संस्था याच जिल्ह्यातून उभी राहिली. एवढं सगळं एका जिल्ह्यात झाल्यामुळे नगरच्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे: डोंगर सुधारतो. जनावरं आवरा, चर खणा, दहा-पंधरा वर्षं कळ काढा, डोंगर सुधारतोच.

ते खरंच आहे. हिवऱ्याच्या उतारावर कमरेएवढं गवत होतं. पवना, मारवेल, कुसळी. जनावर सोडायचं नाही, कापून न्यायचं, हा नियम अजून पाळला जातो. पण चरात उतरून बोटाने उकरलं तेव्हा जे लागलं ते मी लक्षात ठेवलं: मुरमावर वीतभर माती. हा डोंगर कुऱ्हाडीने आणि खुरांनी उघडा केला होता. त्याची झाडं गेली, गवत गेलं, मातीही बरीच वाहून गेली, पण डोंगर जागेवर होता. उतार होता, मुरूम होता, मुरमाखाली पाणी धरणारा कुजका खडक होता. खाणीत डोंगरच जागेवर उरत नाही, म्हणून त्या आशेवर खाणीकडे बघता येत नाही. पण नगरमध्ये लोक नेमकं तसंच बघतात. ‘खाण बंद झाली की आपोआप हिरवं होतं हो सगळं,’ हे वाक्य मी या जिल्ह्यात क्रशरवाल्याकडून ऐकलं आहे आणि निसर्गप्रेमी मास्तरांकडूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीवर पोचलो. सोबत मामा. मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. गावात सगळे त्यांना मामाच म्हणतात. वडार समाजातले, घरात तीन पिढ्या दगड. त्यांच्या आईने बहात्तरच्या दुष्काळात याच डोंगराची खडी फोडली. ‘सुकडी मिळायची, मिलोच्या भाकरी, अन् दिवसभर हातोडी. मी ढिगाच्या सावलीला निजलेला,’ मामांनी चालता चालता सांगितलं. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये आला, त्याच्या मुळाशी ही खडी आहे. रस्ता झाला, पाझर तलाव झाले, डोंगराच्या कडेला एक चावा पडला. त्या चाव्यातूनच पुढे खाण निघाली. आधी घण, पहार, पाचर; मग कॉम्प्रेसर आणि सुरुंग; शेवटी पोकलेन आणि खाली क्रशर. मामा शेवटची वीस वर्षं सुरुंगाची भोकं मारायला होते. खाण बंद होऊन आता पंधराएक वर्षं झाली. ‘दगड संपला म्हणून नाय बंद पडली,’ ते म्हणाले. ‘भाऊबंदकीत बंद पडली.’

कडा साठेक फूट उभा. त्यावर मामांच्या हातच्या भोकांच्या उभ्या रेघा अजून शाबूत. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे, मग काळा, घट्ट दगड. त्याखाली एक विटकरी पट्टा आडवा गेला होता, जेमतेम वीतभर जाडीचा. त्याखालचा दगड जाळीदार, आणि जाळीच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारगोट्या. या गारगोट्या म्हणजे झिओलाइट आणि त्यांचे भाऊबंद. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यातले हिरवे अपोफिलाइट तर जगभरच्या संग्राहकांकडे पोचले आहेत. मामांच्या घरी खिडकीत तसलीच दोन ढेकळं आहेत, पण ती पांढरी, विकायला गेली तर चहाचे पैसे सुटणार नाहीत.

मला रस होता त्या विटकरी पट्ट्यात. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आगेमागे दख्खनवर लाव्हा थरावर थर पसरत गेला. मध्येच काही काळ उसंत मिळायची. तेवढ्यात खालच्या थराचा माथा ऊनपावसाने झिजायचा, माती व्हायला लागायची, की वरून पुढचा लोळ यायचा आणि ती माती भाजून काढायचा. तोच हा पट्टा. खाण नसती तर तो मला दिसलाच नसता, हे कबूल करायला हवं. तप्त रसाच्या दोन लोंढ्यांच्या मधल्या वेळेतही जमिनीने माती करायला घेतली होती. हा चिवटपणा मानवी हिशोबात बसवायला गेलो की मात्र पंचाईत होते. तिला मिळालेली उसंत हजारो वर्षांची असणार. आपण खाणीला दोन भाडेपट्ट्यांच्या मध्ये जेवढी उसंत देतो, त्यात भिंतीवरचा कोळशाचा डागही जात नाही.

मग पंधरा वर्षांत काय आलं?

सगळीकडे सारखं आलं नाही, आणि हेच बघण्यासारखं होतं. मुरमाच्या उतारावर दाटी: तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला, बोर, घाणेरी, आणि त्यांना दाबून बसलेली वेडी बाभूळ. कुसळांनी माझे मोजे भरले. काळ्या कड्यावर जवळजवळ काही नाही. कुठे कुठे रुपयाएवढे दगडफुलाचे करडे ठिपके. मामांनी फोडलेला दगड पंधरा वर्षांत ठिपक्यापुरताच जुना झाला आहे. खाणीच्या तळावर, जिथे डंपर फिरून जमीन ठेचली गेली, तिथे एकदांडी आणि वाळलेल्या शेवाळाची खपली. क्रशरच्या कचेच्या ढिगावर फक्त रुई. आणि विटकरी पट्ट्यालगत, जिथे वरून मुरलेलं पाणी अडून बाहेर झिरपतं, तिथे एक आडवी हिरवी रेघ: पिंपळाची दोन रोपं, एक उंबर, आणि भेगाभेगांतून मयूरशिखा. ही बोटभर नेच्याची जात. उन्हाळ्यात वाळून मुटकुळं होते, मेली असं वाटतं, पहिल्या पावसात पुन्हा पंखा उघडते. कार्तिकात तिची टोकं वळायला लागली होती.

वेड्या बाभळीचं काय करायचं हे मला अजून ठरवता येत नाही. परदेशी झाड, बकऱ्यांच्या लेंड्यांतून आलेलं. खाली दुसरं फारसं काही वाढू देत नाही. शहरातल्या मित्रांना तिच्या नावानेच अंगावर काटा येतो. पण जिथे काहीच उभं राहायला तयार नाही तिथे ती उभी राहिली, आणि मामांच्या घरची चूल तिच्यावर चालते. कोकणातून कातकरी कुटुंबं कोळसा पाडायला या भागात येतात, तीही तिच्याच जिवावर. ती नसती तर इथे हिवर आणि बाभूळ आली असती का? उतारावर हिवराची दोन खुरटी झाडं होती. दोनच.

बकऱ्यांवरून आठवलं. खाणीच्या वर, जिथे डोंगर शाबूत आहे, तिथलं गवत बकऱ्यांनी मुळापर्यंत खाल्लं होतं. कड्याच्या मधल्या फळीवर, जिथे बकरी पोचत नाही आणि वणवाही, पवना गवताचा भरगच्च झुपका वाऱ्यावर हलत होता. म्हणजे त्या डोंगराचं चांगलं गवत आता डोंगरावर नव्हतं, डोंगराच्या जखमेत होतं. पुढे कधी कुणी वर चराईबंदी केलीच तर बी इथूनच उडेल.

त्या फळीच्या जरा वर पांढरे ओघळ दिसले. मामांनी बोट दाखवलं आणि आवाज उतरवला. शृंगी घुबड. डोक्यावर दोन शिंगं, नारिंगी डोळे, अंगाचा रंग मुरमाचाच. कड्याखाली त्याने ओकलेले केसांचे गोळे पडले होते. एक फोडला तर आत उंदराची कवटी आणि पिवळे दात. पुण्याचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या इला फाउंडेशनने या घुबडाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्याच्या खाण्यात उंदीर-घुशींचा वाटा मोठा असतो, म्हणजे खालच्या ज्वारी-हरभऱ्याची राखण ते फुकटात करतं. त्याला घरटं बांधायचं नसतं. कोल्हा-मांजर पोचणार नाही अशी उघडी फळी लागते, आणि खाणकामाने तशी फळी त्याला आयती करून दिली. गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हेच. दिवाळीच्या सुमारास घुबडांच्या मागावर माणसं फिरतात. जादूटोण्याला लागतं म्हणे.

मुरमाच्या उभ्या कापात वेड्या राघूंची बिळं होती, या दिवसांत रिकामी. वर तारेवर राघू बसले होते. तळाच्या डबक्यात, म्हणजे तळ्यातच म्हणायचं, पाणी अजून दोन पुरुष होतं. मासे होते. ते कुठून आले यावर गावात दंतकथा आहेत. मामा म्हणाले, ‘मीच आणून सोडले, धरणावरून, बादलीत.’ दर वर्षी कुणी ना कुणी पोहायला उतरतं म्हणून ग्रामपंचायतीने काटेरी झुडपं तोडून काठावर टाकली आहेत.

दगडाखाली पैसा किडे निघाले आणि मला मोंबासा आठवलं. मी तिथे गेलेलो नाही, वाचलं आहे. केनियात बांबुरीच्या सिमेंट कंपनीने प्रवाळी चुनखडी काढून उघडं वाळवंट करून ठेवलं होतं. 1971 पासून रेने हॅलर नावाच्या माणसाने तिथे झाडं लावून पाहिली. बहुतेक मेली, तगलं त्यात सुरू. पण सुरूच्या सुया कुजेनात, नुसत्या साठत राहिल्या. मग त्याने पैसा किडे आणून सोडले. ते सुया खाऊन माती करत गेले आणि मातीवर बाकीचं जंगल उभं राहिलं. यात माणसाची कित्येक वर्षांची हमाली आहे. आमच्या खाणीत किडे आहेत, पाचोळाही आहे, वेड्या बाभळीचा का होईना. हॅलर नाही.

नियम म्हणाल तर आहेत. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात 27 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांच्या आतल्या गौण खनिजांच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू केली. त्याआधी एवढ्या छोट्या खाणीकडे त्या अंगाने कुणी बघतही नव्हतं. मंजुरीतली एक नेहमीची अट अशी असते की वरची माती वेगळी काढून राखून ठेवायची आणि काम संपल्यावर परत पसरायची. ही खाण त्याच्या आधीची. तरी मी विचारलं, ‘मामा, वरची माती कुठंय?’

‘माती? ती तर पहिली गेली,’ ते हसले. ‘ट्रॅक्टर लागले व्हते रांगेनं. ते बघा,’ आणि त्यांनी खालच्या अंगाला हिरवंगार कांद्याचं वावर दाखवलं. डोंगराची माती तिथे होती, चांगली नांदत होती.

त्या वावराचा मालक मामांचा भाचा निघाला. त्याची विहीर खाणीपासून हाकेच्या अंतरावर. खाण चालू असताना सुरुंगांनी विहिरीचा झरा पळाला, असं त्याचे वडील मरेपर्यंत म्हणत होते. भाचा म्हणतो, आता खाणीत पाणी साठतं म्हणून विहीर फाल्गुनापर्यंत जाते, पूर्वी पौषात आटायची. दोघेही खरं बोलत असावेत. डोंगर पाणी हळूहळू सोडायचा, खड्डा एकाच जागी साठवतो; ज्याची विहीर खड्ड्याखाली त्याची चैन. डोंगराच्या पलीकडच्या अंगाच्या वस्तीवर जाऊन विचारलं. तिथल्या म्हातारीने हंडा खाली न ठेवताच सांगितलं की तिकडचा पाणवठा खाणीच्या आधीही आटत होता आणि आताही आटतो, फक्त महिनाभर आधी.

दुपारी भाच्याच्या ओट्यावर चहा झाला. त्याने हायवा घेतली आहे, कर्जावर. नदीच्या वाळूवर बंधनं आली तशी दगड दळून केलेल्या वाळूची मागणी वाढली. 2025 मध्ये राज्य सरकारने एम-सँडचं धोरण आणलं आणि ब्रासमागे सहाशेऐवजी दोनशे रुपये स्वामित्वधन ठेवलं. नदी वाचवायची तर डोंगर दळायचा, असा हा सौदा आहे, आणि भाच्याने तो अचूक ओळखला आहे. शेजारच्या टेकाडाचा पट्टा घ्यायला चौघे एकत्र येताहेत. टेकाड अजून अख्खं आहे. वर बकऱ्यांनी खाल्लेलं गवत, चार हिवर, एक म्हसोबा.

मी काढलेले फोटो तो मोबाइलवर बघत होता. घुबडाच्या फोटोवर थांबला.

‘हे आपल्या खाणीतलं?’

‘हो.’

‘याच्यानं परवानगी अडकंल का?’

मी म्हणालो, या पक्ष्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याला पकडणं-मारणं गुन्हा आहे; पण शेजारच्या टेकाडाचा निर्णय कागदावर होतो आणि कागदात घुबड आहे की नाही हे कोण लिहितो त्यावर आहे.

‘मग लिहायला लावू,’ मामा म्हणाले.

‘मामा, हायवाचा हप्ता घुबड भरणारे का?’

‘तुझ्या कांद्यातले उंदीर कोण खातंय?’

भाचा गप्प बसला नाही. दगड लागतोच, घरं बांधायला लागतो, तुम्ही आलात तो रस्ताही दगडाचाच, असं बरंच बोलला, आणि त्यातलं काही खोडून काढण्यासारखं नव्हतं. जुन्याच खाणीत अजून दगड आहे, ती खोल करा, नवं टेकाड कशाला फोडता, असं मी म्हटलं. त्यावर मामांनीच मान हलवली: तीत पाणी आहे, आणि ते पाणी उपसलं तर भाच्याची विहीर जाईल. मग दोघांत बांधावरून, वाटणीवरून, कुणाच्या सातबाऱ्यावर काय लागलंय त्यावरून जुंपली. मी चपला घातल्या.

मामा गाडीपर्यंत आले. ‘फोटो पाठवा,’ म्हणाले. ‘कड्याचा नको, जागा कळंल. नुसत्या पाखराचा. ग्रामसभा सोमवारी आहे.’